हिलाल नानांचा फळा

धुळ्यात आग्रा रोडवर वैशाखातल्या दुपारी दोन वाजता कोणी पुस्तक घेत नाही. दोन वाजता तिथे कुत्रंसुद्धा चालत नाही, पुस्तकाचं काय घेऊन बसलात! तरी हिलाल नाना दुकान आवरत नसत. दुकान म्हणजे फुटपाथवर अंथरलेली दोन मेणकापडं, त्यांवर जुन्या कादंबऱ्या, पाकक्रियेची पुस्तकं, मागच्या वर्षीचे दिवाळी अंक, पोलीस भरतीची मार्गदर्शकं, आणि वर बांबूंवर ताणलेली ताडपत्री. नाना मधोमध बसायचे, मांडीवर पेपर आणि कानाशी छोटा रेडिओ. वय सहासष्ट. बायको वारली होती, मुलगी नाशिकला दिलेली. माणूस एकटा, पण एकटा म्हणून गप्प बसेल असा नव्हता.

पुस्तकांपेक्षा लोक थांबायचे ते नानांच्या फळ्यापाशी. मागच्या भिंतीला टेकवलेला हा काळा फळा बावीस वर्षं तिथे होता. रोज सकाळी पेपर वाचून झाला, रेडिओवरची दोन गाणी ऐकून झाली, की नाना खडू घ्यायचे आणि मनात येईल ते लिहायचे. कधी लिहायचे, 'आज पेपरच्या पहिल्या तीन पानांवर जाहिराती आहेत, बातमी चौथ्या पानावर अंग चोरून बसली आहे.' कधी लिहायचे, 'सनईवाला दमला की चहा मागायचा. डीजे दमत नाही, म्हणून आपण दमतो.' कॉलेजची मुलं त्याचे फोटो काढायची, वकील मंडळी मान डोलवायची, आणि शेजारचा चहावाला छगन रोज म्हणायचा की नाना, तुमच्या पुस्तकांपेक्षा हा फळाच विका, चार पैसे तरी सुटतील.

फळ्याचा खालचा भाग मात्र वेगळ्या कामाचा होता. तिथे नाना निधनाच्या बातम्या लिहायचे. कोण गेलं, कुठल्या गावचं, अंत्ययात्रा किती वाजता. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक बाजाराला आले की आधी तिकडे नजर टाकत. नानांचा नियम कडक होता. कोणी येऊन सांगितलं म्हणून लिहायचं नाही. स्वतः फोन करायचा, फोन लागला नाही तर स्वतः जायचं, आणि घरातलं रडणं कानांनी ऐकल्यावरच खडू उचलायचा. पेपरात चुकीची बातमी आली तर दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात दिलगिरी छापतात. मेलेल्या माणसाच्या बातमीला दिलगिरी कुठून आणणार, असं ते म्हणत. बावीस वर्षांत एकही नाव चुकलं नव्हतं. त्याचा नानांना अभिमान होता, आणि थोडा माजही होता, खोटं कशाला सांगा.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, चार दिवस उरले होते तेव्हा सावखेड्याहून कामिनीचा फोन आला. सावखेडं हे पांझरा नदीपलीकडचं दीड कोसावरचं गाव. कामिनी ही नानांच्या थोरल्या बहिणीची, भिकुबाई अक्कांची सून. ती सांगत होती की परवा अक्का घराच्या धाब्यावर ज्वारीचे बिबडे-पापड वाळत घालत असताना कावळा डोक्याला शिवला. चोच नव्हे, पंख नव्हे, चक्क पाय टेकून गेला. तेव्हापासून अक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या आहेत. दोन दिवस पोटात अन्न नाही. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही.

आता कावळा डोक्याला शिवला की मरण जवळ आलं, ही जुनी समजूत, आणि त्यावरचा तोडगाही तितकाच जुना. ज्याला शिवला तो मेला अशी खोटी बातमी नातलगांना धाडायची. त्यातलं कोणी तरी मनापासून रडायला हवं. रडलं की मरणाला वाटतं, इथलं काम झालं, आणि ते परत फिरतं. एकच अट. जो रडला त्याला त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत खरं सांगायचं. नाही सांगितलं तर ते रडणं खरं धरलं जातं.

कामिनीचा नवरा प्रेमराज शहाणा माणूस, पण आईपुढे कोणाचं शहाणपण चालतं? त्यानं सगळ्यांना कळवलं. सुरतचा चुलतभाऊ म्हणाला, व्हिडिओ कॉल लाव. शिरपूरच्या आत्यानं फोनवर दोन जोडलेले हात पाठवले आणि खाली विचारलं की गंधमुक्तीचा विधी कधी आहे, मला त्या आठवड्यात लग्न आहे. एकानं तर विचारलं, बातमी खरी आहे की नुसती पुढे ढकललेली? रडलं मात्र कोणीच नाही.

'अक्का म्हणतात, हिलालच्या फळ्यावर लिहा,' कामिनी म्हणाली. 'त्यावर लोक विश्वास ठेवतात. कोणीतरी रडेल.'

नानांनी नाही म्हटलं. म्हणजे काय, म्हणणारच. याच कावळ्याच्या समजुतीवर त्यांनी पाच वर्षांपूर्वी लिहिलं होतं, 'कावळ्याला डोकं आणि दगड यांतला फरक कळत नाही. आपल्याला कळायला हरकत नाही.' त्या फळ्यावर आता आपल्याच हातानं जिवंत बहिणीला मारायचं? फोन ठेवून ते पेपर वाचायला बसले, पण अक्षर डोक्यात शिरेना.

कारण भिकुबाई म्हणजे नुसती बहीण नव्हती. नानांचा जन्म झाला आणि पाचव्या दिवशी आई गेली. नऊ वर्षांच्या भिकूनं हा गोळा कडेवर घेतला, शेळीचं दूध पाजलं, धुणं धुताना पाठीशी बांधला. तिचं लग्न झालं आणि ती सासरी गेली, तेव्हा नाना सहा वर्षांचे होते. पुढे दर आखाजीला खानदेशभर लेकी माहेरी यायच्या, भाऊ मुऱ्हाळी म्हणून न्यायला जायचे, निंबाला झोके बांधले जायचे. भिकूला न्यायला कोणी गेलं नाही. आधी भाऊ लहान होता. मग भाऊ धुळ्यात एका खोलीत राहत होता. मग भावाचं दुकान होतं, फळा होता. गंमत अशी, की दर आखाजीला नाना फळ्यावर झोक्याच्या गाण्यांबद्दल असं काही सुंदर लिहायचे की वाचणाऱ्या बायकांचे डोळे भरून यायचे. बहीण दीड कोसावर होती आणि संस्कृतीवर लिहिणारा भाऊ तिला एकदाही घ्यायला गेला नव्हता. हे त्यांना त्या दुपारी पहिल्यांदाच इतकं स्वच्छ दिसलं, आणि स्वतःचीच लाज वाटली.

दीड वाजता नानांनी खडू उचलला. लिहिलं, 'सावखेड्याच्या श्रीमती भिकुबाई यांचे आज सकाळी दुःखद निधन झाले. अंत्ययात्रा सायंकाळी पाच वाजता राहत्या घरून.' अक्षर वाकडं आलं. मनात हिशेब सोपा होता. सावखेड्याकडची कोणी ओळखीची बाई थांबेल, डोळ्याला पदर लावेल. लगेच तिला खरं सांगायचं आणि फळा पुसून टाकायचा.

चार वाजत आले, तरी ऊन उतरेना. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. छगन आपल्या गाडीखाली पोतं टाकून झोपला होता. रेडिओवर कुठलंसं बासरीवादन चाललं होतं, त्यात खरखर सुरू झाली, म्हणून नानांनी तो बंद केला. तेवढ्यात त्यांना वास आला. ओव्याचा आणि शेपेचा. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर धुरी घालतात ना, तसा गरम, कोंडलेला वास. भर रस्त्यात, वैशाखाच्या झळांमध्ये.

फळ्यापाशी एक बाई उभी होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. अंगावर कांद्याच्या रंगाचं जाडंभरडं लुगडं, असं लुगडं नानांनी हल्ली कोणाच्या अंगावर पाहिलं नव्हतं. हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके. ती फळ्यावरच्या एकेका अक्षरावर बोट ठेवत होती, पण बोट फळ्याला लागत नव्हतं. नानांची नजर तिच्या पायांवर गेली. पाय अनवाणी होते. रस्त्यावरचं डांबर विरघळलेलं, पायात चप्पल असून माणूस तिथे पळत जातो, आणि ही बाई त्या डांबरावर स्थिर उभी होती.

'भिकू गयी?' तिनं विचारलं.

नानांनी मान हलवली.

बाई खाली बसली आणि रडायला लागली. ते रडणं मोठ्यानं नव्हतं. पोटातून उमाळा येऊन गळ्यात अडकावा, तसं. रडता रडता ती स्वतःशीच बोलत होती. 'मन्ही भिकू... तिले आखाजीले लेवाले कोनी गयं नई... एक साल बी गयं नई...'

नानांना त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण माणसाचं मन पाहा कसं असतं. त्यांना आधी हायसं वाटलं. कोणीतरी रडलं. अक्का वाचली. रडू दे बिचारीला थोडं, मग सांगू, असं म्हणून ते तिच्यासाठी पाण्याची बाटली काढायला वाकले. मागून आवाज आला, अगदी हळू. 'पाच वाजाले ना? मी जास तिले लेवाले...'

नानांनी मान वर केली, तर ती पार नदीच्या वळणापाशी पोचली होती. इतक्या लवकर कशी पोचली, कोण जाणे. त्यांनी हाका मारल्या. तिनं वळून पाहिलं नाही.

छगन गाडीखालून डोळे चोळत उठला आणि म्हणाला, 'नाना, ओवा कोण भाजतंय हो?'

नानांनी फळा पुसला. मग सावखेड्याला फोन लावला आणि अक्काला द्यायला सांगितलं. एक जण रडलं गं, म्हणाले. अक्कांचा आवाज एकदम खणखणीत झाला. कोण रडलं, कुठली, कोणाची सून, सगळं विचारायला लागल्या. नानांनी लुगड्याचा रंग सांगितला, ओव्याचा वास सांगितला, हनुवटीवरचे ठिपके सांगितले.

'तीन ठिपका व्हतात,' अक्का म्हणाल्या. 'मन्ही मायनी हनवटीवर.'

नानांनी आईचा चेहरा पाहिला नव्हता. घरात तिचा फोटोही नव्हता.

'तिले खरं सांगं ना तू?'

'नई,' नाना म्हणाले.

आता अक्का घाबरतील, ओरडतील, असं त्यांना वाटलं होतं. पण अक्कांच्या आवाजात भीती उरलीच नव्हती. उलट त्या लहान पोरीसारख्या मऊ झाल्या होत्या. 'ऱ्हाऊ दे मंग,' त्या म्हणाल्या. 'नको सांगू. येऊ दे तिले. मी ओटावर बठस.'

फोन बंद झाला. नंतर कामिनीनं सांगितलं ते असं, की दोन दिवस न उठलेल्या अक्का स्वतःच्या पायांनी उठल्या, केसांना तेल लावलं, ठेवणीतलं पातळ नेसल्या, हातात पिशवी घेतली आणि ओट्यावर जाऊन बसल्या. विचारलं तर म्हणाल्या, माहेरहून माणूस येतंय.

नानांनी छगनची मोपेड घेतली. सहासष्टव्या वर्षी, डोक्याला उपरणं गुंडाळून, वैशाखाच्या उन्हात. पूल ओलांडला, शेतं लागली. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी जमीन, तिच्यातून झळा उठत होत्या. वारा तोंडावर भट्टीतून आल्यासारखा येत होता. रस्ता रिकामा. नाना स्वतःशी बोलत होते. मी या असल्या गोष्टी मानत नाही, म्हणत होते. आणि मोपेड जास्तीत जास्त दामटत होते. दिवस मावळायला अजून वेळ होता, पण पाच वाजायला फारसा नव्हता.

गावाच्या शिवेवर एक जुना निंब आहे. त्याच्या सावलीत ती बसली होती. ओव्याचा वास आधी आला, मग ती दिसली. तिच्या लुगड्यावर धूळ नव्हती, कपाळावर घामाचा थेंब नव्हता. नानांनी मोपेड उभी केली, ती आडवी पडली, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. जवळ जायची छाती होईना. चार हातांवर थांबून त्यांनी हात जोडले.

'माय, ती बातमी खोटी शे. भिकू जित्ती शे.'

बाईनं वर पाहिलं. डोळे रडून सुजलेले, पण नजर शांत होती. 'तुना फळा खोटं बोलस नई,' ती म्हणाली. 'आमनाकडे बी बठ्ठा हाईच सांगतस...'

आमच्याकडेही सगळे हेच सांगतात. बावीस वर्षं नानांनी ज्यांची नावं लिहिली, ती सगळी एकामागोमाग डोळ्यांपुढे आली. त्यांना वाटत होतं, आपला फळा धुळ्यातली माणसं वाचतात.

'आज बोलना,' त्यांनी कसंबसं म्हटलं. 'आज मी खोटं लिखं.'

'काब?'

याला उत्तर काय द्यायचं? बहीण वाचावी म्हणून? बाई उठली आणि गावाकडे वळली. दोन पावलं टाकली. नानांना कळून चुकलं की नुसतं खरं सांगून भागणार नाही. खरं ऐकूनही ही थांबणार नाही, कारण हिला मरणाची बातमी नेत नाहीये. साठ वर्षं राहून गेलेलं लेकीचं माहेरपण हिला ओढून नेतंय. आणि ते राहिलं कोणामुळे?

'मी येल शे तिले लेवाले,' नाना ओरडले. 'आखाजीले. मी तिना भाऊ.'

बाई थांबली. हळूहळू वळली. नानांच्या पांढऱ्या मिशांकडे, सुरकुतलेल्या गालांकडे, उपरण्याखालच्या टकलाकडे ती बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते काय होतं, हे नानांना पुढे कधी कोणाला सांगता आलं नाही.

'इतला मोठा व्हयी गया तू?' ती म्हणाली. 'पाच दिवसना व्हता...'

तिनं हात पुढे केला. नाना मागे सरले. सरायला नको होतं, पण सरले. तिनं हात खाली घेतला.

'भाऊ येल शे मंग माय कसाले,' ती स्वतःशीच म्हणाली, आणि पुन्हा निंबाखाली बसली. नानांनी मोपेड उचलली. गावाच्या वाटेवर त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

अक्का ओट्यावर होत्या. भावाला पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी भावाच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. नानांनी बहिणीच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, चल, तुला न्यायला आलोय. साठ वर्षांनी. यावर अक्का जे रडल्या, ते पाहून कामिनीही रडली. प्रेमराजनं गाडी काढली आणि दिवस मावळायच्या आत दोघांना दुसऱ्या रस्त्यानं, लांबच्या वळणानं, धुळ्यात आणून सोडलं. लांबच्या रस्त्यानं कशाला, हे त्यानं विचारलं. नानांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

आखाजी झाली. मृगही झाला. अक्का तिथेच राहिल्या. तब्येत सुधारली, तोंडाला चव आली. त्या एका खोलीत दोघं म्हातारी भावंडं सकाळी भाकरीवरून भांडायची आणि संध्याकाळी एकत्र रेडिओ ऐकायची. अक्का जुनी झोक्याची गाणी म्हणायच्या आणि नाना त्यांच्या चाली ऐकून म्हणायचे की हे सगळं मी बावीस वर्षं ऐकीव लिहीत होतो गं. ते सुखात होते, हे सांगितलं पाहिजे. सावखेड्याहून फोन यायचा, अक्कांना कधी पाठवता? नाना काही ना काही कारण सांगायचे. शिवेवरच्या निंबाजवळून बहिणीला न्यायची त्यांची हिंमत नव्हती.

फळ्यावरच्या निधनाच्या बातम्या त्यांनी बंद केल्या. लोकांनी विचारलं, तर म्हणाले, आता मोबाईलवर सगळं कळतं, माझी काय गरज. वरचा भाग मात्र रोज लिहायचे. बातम्यांवर, गाण्यांवर, सणांवर. लिहिणं थोडं बदललं होतं. पूर्वी शेवटच्या ओळीत चिमटा असायचा, तो गेला होता.

अक्का दुपारी डबा घेऊन दुकानावर यायच्या आणि ताडपत्रीखाली बसायच्या. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे माणसांचे चेहरे त्यांना धूसर दिसायचे, पण बसायला आवडायचं. त्या दिवशीही बसल्या होत्या. आभाळ भरलेलं, वारा पडलेला. छगन गिऱ्हाईक नाही म्हणून पेंगत होता. नाना हातात खडू घेऊन उद्याच्या फळ्याचं वाक्य मनात जुळवत होते. वाक्य जुळत नव्हतं.

'हिलाल,' अक्का म्हणाल्या, 'ती बाईले बठाले काय दे ना. रोज उभी ऱ्हास बिचारी.'

'कोणती बाई?'

'हाई. रोज दुपारले येस. तुना मांगे उभी ऱ्हास, फळा वाचस. खाले तं काहीच लिखेल नई, तरी तठेच देखस.' अक्कांनी डब्याचं झाकण लावलं. 'आज मी इचारं तिले, काय वाचस व माय? बोलनी, पोरगीले तं भाऊ ली गया. आते फळावर पोऱ्यानं नाव कव्हय येस, ते देखस.'

नानांनी मान वळवली नाही. खडू त्यांच्या हातातच होता. रस्त्यावर कुठेच शेगडी नव्हती, आणि ओव्याचा वास हळूहळू ताडपत्रीखाली भरत होता.

'हिलाल,' अक्का म्हणाल्या, 'पाणी तरी इचार तिले.'